चिलटाची विषाणूविरोधी प्रतिकारशक्ती: प्रबंधासाठी कोणता मार्ग घ्यावा?

सांगली-तासगाव भागात ‘फळमाशी’ म्हटले की आंबा-पेरू नासवणारी, सापळे लावून पकडायची माशी डोळ्यांपुढे येते. प्रयोगशाळेतील ड्रोसोफिला ती नव्हे; जास्त पिकलेल्या द्राक्षांभोवती घोंगावणारे जेमतेम अडीच मिलिमीटरचे चिलट म्हणजे ड्रोसोफिला. या चिलटाकडे प्रतिपिंडे नाहीत आणि पेशींना विषाणूविरुद्ध सावध करणारे इंटरफेरॉन हे प्रथिनही नाही, तरी ते विषाणूंशी झुंजते. हा विषय एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी घेणाऱ्यापुढे मुख्यतः दोन पर्याय असतात: आरएनए हस्तक्षेप, किंवा संसर्ग झाल्यावर जनुके कार्यान्वित करणारे संदेशमार्ग.

पहिल्या पर्यायाची यंत्रणा स्वच्छ आहे. आरएनए विषाणू पेशीत वाढताना दुपदरी आरएनए तयार होतो, डायसर-२ हे विकर त्याचे २१ न्यूक्लिओटाइडांचे तुकडे पाडते आणि आर्गोनॉट-२ हे प्रथिन त्यांतील एक धागा ओळखपत्रासारखा वापरून विषाणूचाच आरएनए कापते. विषाणूही स्वस्थ बसत नाहीत: ड्रोसोफिला सी विषाणूचे एक प्रथिन दुपदरी आरएनएला चिकटून तो डायसरपासून झाकते, तर क्रिकेट पॅरालिसिस विषाणूचे प्रथिन थेट आर्गोनॉट-२ लाच अडवते. प्रबंधाच्या दृष्टीने मोलाची बाब अशी, की डायसर-२ नसलेली चिलटे एरवी जगतात, प्रजननही करतात. त्यामुळे संसर्गानंतर ती लवकर मेली तर कारणाचा बोध सरळ होतो.

संदेशमार्गांबाबत इतकी सोय नाही. त्यांतील जॅक-स्टॅट नावाचा मार्ग चिलटाच्या गर्भवाढीतही लागतो, म्हणून तो पूर्ण बंद पाडला तर चिलट प्रौढ होतच नाही आणि अंशतः बिघडलेल्या उत्परिवर्तितांवर काम भागवावे लागते. शिवाय २००५ साली विषाणूमुळे ‘व्हिर-१’ हे जनुक या मार्गाने जागे होते असे दिसले, तरी जनुक जागे होणे म्हणजे संरक्षण मिळणे नव्हे. पुढील तुलनेत आरएनए हस्तक्षेप अनेक विषाणूंविरुद्ध उपयोगी ठरला, जॅक-स्टॅटचे महत्त्व मात्र वर सांगितलेल्या दोन विषाणूंपुरतेच दिसले. चिलटातील स्टिंग प्रथिनाचा विषाणूविरोधी सहभाग २०१८ मध्ये पुढे आला; विषय ताजा आणि आकर्षक आहे, पण सहा महिन्यांच्या प्रबंधात तो पेलणे अवघडच.

म्हणून माझे मत पहिल्या पर्यायाच्या बाजूने आहे. जगण्याचा आलेख हे मुख्य मोजमाप ठेवावे आणि महाविद्यालयात रिअल-टाइम पीसीआर (जनुकीय द्रव्याच्या प्रती करत त्याचे प्रमाण मोजणारे तंत्र) उपलब्ध असेल तर विषाणूचे प्रमाणही मोजावे.

पर्याय कोणताही घेतला, तरी साठ्यातील चिलटांत वोल्बाकिया हा जिवाणू आहे का, हे आधी पीसीआरने तपासावे. तो अनेक आरएनए विषाणूंपासून यजमानाला वाचवतो, हे २००८ मध्ये दाखवले गेले आहे. आढळल्यास दोन पिढ्या टेट्रासायक्लीन हे प्रतिजैविक मिसळलेल्या खाद्यावर आणि त्यानंतर काही पिढ्या साध्या खाद्यावर वाढवूनच चिलटे प्रयोगाला घ्यावीत.