ब्रोकरेज शून्य, भानगडी अनेक: एपीआयवरच्या ट्रेडिंगचा वर्षभराचा अनुभव

आधी निकाल सांगते, मग कारणं. पायथनमध्ये प्रोग्रामिंग बऱ्यापैकी येत असेल, नोकरी सांभाळून शेअर बाजारात थोडे पैसे घालायचे असतील आणि दिवसभर भाव बघत बसायचं नसेल, तर ब्रोकरचा फुकट एपीआय (तुमच्या कोडला थेट ऑर्डर टाकू देणारा दुवा) जरूर घ्या. इंट्राडे (त्याच दिवशी घेऊन त्याच दिवशी विकणं) करून पगाराला जोड मिळवायचा बेत असेल, तर खालचा खर्चाचा हिशेब वाचल्याशिवाय एक ओळसुद्धा लिहू नका. ब्रोकरचं नाव मुद्दाम देत नाही. डिस्काउंट ब्रोकरांचे एपीआय आता इतके सारखे झालेत की फंक्शनांची नावं बदलली की माझा कोड बहुतेक कुठेही चालेल. तक्रारीही थोड्याफार फरकाने त्याच निघतील.

माझ्या दोन स्क्रिप्ट आहेत. पहिली दर महिन्याला ठरलेल्या रकमेचा निफ्टी ईटीएफ (निफ्टीतल्या सगळ्या शेअरांचा, शेअरसारखाच विकत मिळणारा फंड) घेते आणि एखाद्या दिवशी निफ्टी दोन टक्क्यांहून जास्त पडून बंद झाला, तर दुसऱ्या दिवशी थोडा आणखी घेते. दुसरी मोमेंटमची: मोठ्या कंपन्यांपैकी गेल्या सहा महिन्यांत सगळ्यात जास्त वाढलेले दहा शेअर ठेवायचे आणि महिन्यातून एकदा अदलाबदल करायची. सगळं डिलिव्हरीत, म्हणजे शेअर प्रत्यक्ष खात्यात घेऊन. फ्युचर्स-ऑप्शन्सला हात लावलेला नाही. सप्टेंबर २०२४ च्या सेबीच्या (बाजार नियामकाच्या) अहवालात तीन वर्षांत त्या बाजारातल्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडरांचा तोटा झाल्याचं आलंय. माझा कोड उरलेल्या सात टक्क्यांत बसेल असं मानायला मला काही कारण सापडलं नाही.

आता ‘शून्य ब्रोकरेज’. डिलिव्हरीवर माझा ब्रोकर खरोखर काही घेत नाही, पण सरकार घेतं. एक लाखाचे शेअर घेतले की एसटीटी (सौद्यावरचा कर) १०० रुपये, मुद्रांक शुल्क १५ रुपये, शिवाय एक्स्चेंजचे तीनेक रुपये आणि त्यावर जीएसटी. विकताना एसटीटीचे पुन्हा १०० आणि डीपी चार्ज (डिमॅट खात्यातून शेअर काढण्याचं शुल्क) वेगळा. येऊन-जाऊन २३५-२४० रुपये, म्हणजे पाव टक्क्याच्या आसपास. महिन्याला निम्मा पोर्टफोलिओ बदलणाऱ्या स्क्रिप्टला हे चांगलंच टोचतं. बॅकटेस्टमध्ये (जुन्या भावांवर कोड चालवून पाहताना) हा खर्च घातला तेव्हा माझ्या मूळ आठवडी बदलाच्या कल्पनेचा जीवच गेला, म्हणून महिन्यावर आले.

याउलट निफ्टी ईटीएफ घेताना एसटीटी नाहीच, आणि विकताना ०.००१ टक्के, म्हणजे लाखामागे एक रुपया. शेअरला दोन्ही बाजू मिळून दोनशे, इथे एक. वारंवार खरेदी-विक्री करणाऱ्या कोडसाठी एवढा मोठा फरक कुठलंही इंडिकेटर देत नाही, आणि तरी याबद्दल कुणी बोलत नाही याचं मला नवल वाटतं.

इंट्राडेत एसटीटी कमी आहे, फक्त विक्रीवर ०.०२५ टक्के. पण तिथे ब्रोकरेज शून्य नसतं. बहुतेक ठिकाणी ऑर्डरमागे वीस रुपये. लाखाचा एक पूर्ण सौदा सगळं धरून ऐंशी-पंच्याऐंशीला पडतो. दिवसाला असे पाच सौदे केले तर महिन्याला आठ हजारांच्या वर खर्च, नफा-तोटा अजून मोजलेलाच नाही. शिवाय १ ऑक्टोबर २०२४ पासून एक्स्चेंजचे दर सगळ्या ब्रोकरांना सरसकट झाले, मोठ्या उलाढालीवर ब्रोकरांना मिळणारी सवलत बंद झाली आणि काहींनी डिलिव्हरीवरही शुल्क लावायला सुरुवात केली. फुकट आहे ते फुकटच राहील असं धरून चालू नका.

स्ट्रॅटेजीचा कोड दोनेकशे ओळींचा आहे. बाकीचा सगळा कोड पोस्टमनचं काम करतो.

लॉगिनपासूनच बघा. टोकन, म्हणजे लॉगिननंतर कोडला मिळणारा तात्पुरता परवाना, रोज संपतं आणि रोज सकाळी नव्याने लॉगिन करावं लागतं. नियमच तसा आहे. माझी स्क्रिप्ट पावणेनऊला टेलिग्रामवर लिंक पाठवते, मी लोकलमध्ये उभ्या उभ्या पिन आणि ॲपवर सतत बदलणारा सहा आकडी टीओटीपी टाकते, ‘सेशन सुरू’ असा मेसेज आला की फोन पर्समध्ये. काही जण टीओटीपीची गुप्त की स्क्रिप्टमध्येच ठेवून हेही काम आपोआप करतात. ते म्हणजे दाराची किल्ली दारालाच टांगून ठेवणं. मी करत नाही. एखाद्या दिवशी लॉगिन राहिलं तर त्या दिवशी सौदा नाही, महिन्याच्या हिशेबात काही बिघडत नाही.

विक्रीसाठी डीडीपीआय, म्हणजे विकलेले शेअर डिमॅट खात्यातून काढायची ब्रोकरला दिलेली कायमची परवानगी, दिलेलं असायला हवं. नाहीतर प्रत्येक वेळी सीडीएसएलचा (शेअर सांभाळणाऱ्या डिपॉझिटरीचा) टीपिन आणि ओटीपी, आणि ते काम कोडला जमत नाही. हे एकदाच करायचं असतं, सुरुवातीलाच उरकून टाका.

मग स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा इंटरनेट पत्ता. सेबीचं ४ फेब्रुवारी २०२५ चं परिपत्रक किरकोळ गुंतवणूकदारांच्या अल्गो (कोडने आपोआप होणाऱ्या) ट्रेडिंगबद्दल आहे. ते लागू व्हायची तारीख पुढे जात जात सगळ्या ब्रोकरांसाठी १ एप्रिल २०२६ ठरली. त्यानुसार ऑर्डर फक्त ब्रोकरकडे नोंदवलेल्या आयपीवरूनच जाऊ शकते. सेकंदाला दहा ऑर्डरच्या आत राहणाऱ्या हौशी माणसाला स्ट्रॅटेजीची वेगळी नोंदणी लागत नाही, हा दिलासा. स्वतःचा कोड स्वतः, जोडीदार, अवलंबून असलेली मुलं आणि आईवडील यांच्यापुरताच वापरता येतो. मित्राच्या खात्यावर चालवायचा विचार असेल तर सोडून द्या. घरच्या ब्रॉडबँडचा आयपी सतत बदलतो, त्यामुळे मी मुंबई रीजनमध्ये एक छोटा क्लाउड सर्व्हर घेतला. महिन्याला काही शे रुपये जातात. हाही ‘फुकट’ एपीआयचाच खर्च.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते डेटाने. २६ ऑगस्ट २०२५ चं उदाहरण. एचडीएफसी बँकेचा एकास एक बोनस, म्हणजे एका शेअरमागे एक फुकट आणि त्यामुळे भाव आपोआप निम्मा. रेकॉर्ड डेट (बोनस कुणाला मिळणार ते ठरवणारी तारीख) २७ ऑगस्ट, पण त्या दिवशी गणेश चतुर्थीची सुट्टी, म्हणून शेअर आदल्याच दिवशी एक्स-बोनस झाला, म्हणजे बोनस वगळून विकला जाऊ लागला. १,९०० च्या पुढचा भाव सकाळी हजाराच्या खाली. माझ्या सर्व्हरवर साठवलेले जुने भाव जसेच्या तसे होते, त्यामुळे कोडच्या हिशेबाने शेअर एका रात्रीत अर्धा झाला होता आणि मोमेंटमच्या यादीतून बाहेर जायला हवा होता. वाचवलं ते एका साध्या अटीने: एका दिवसात तीस टक्क्यांहून जास्त फरक दिसला तर काहीही न करता माणसाला विचार. टेलिग्रामवर प्रश्न आला, मी मोदकाचं सामान आणायला बाजारात होते, तिथूनच ‘थांब’ असं उत्तर दिलं. ब्रोकरच्या ऐतिहासिक भावांत दुरुस्ती दिसायला आणखी वेळ लागला. बोनस आणि स्प्लिटची (एका शेअरचे तुकडे करण्याची) यादी आता मी एक्स्चेंजच्या घोषणांवरून वेगळी ठेवते.

वार बघून बाजार चालू की बंद ठरवणारा कोडही आपल्याकडे टिकत नाही. १ फेब्रुवारी २०२५ ला शनिवार, पण अर्थसंकल्पामुळे बाजार चालू. दिवाळीतलं मुहूर्त ट्रेडिंग २०२४ ला संध्याकाळी सहा ते सात, तर २०२५ ला भर दुपारी पावणेदोन ते पावणेतीन. सुट्ट्यांची फाइल हातानेच भरायची, दुसरा उपाय नाही.

ब्रोकरबद्दलची माझी खरी तक्रार ७ एप्रिल २०२५ ची. बाजार उघडतानाच कोसळला होता, दिवसअखेर निफ्टी तीन टक्क्यांहून जास्त खाली. एपीआयला होल्डिंग (खात्यातले शेअर) विचारलं तर उत्तर रिकामी यादी! एरर नाही, काही नाही, ‘यशस्वी’ असा शेरा मारलेली रिकामी यादी. एखाद्या भाबड्या स्क्रिप्टने ‘आपल्याकडे काहीच नाही’ असं समजून दहाही शेअर पुन्हा घेतले असते. सपोर्टला लिहिलं तर दोन दिवसांनी ‘ॲप पुन्हा इन्स्टॉल करून पाहा’ असं उत्तर आलं. एपीआयच्या प्रश्नाला! माझी स्क्रिप्ट स्वतःची वही ठेवते आणि ब्रोकरची यादी तिच्याशी जुळली नाही तर त्या दिवशी गप्प बसते. याच कारणाने ऑर्डर आयडी मिळाला म्हणजे ऑर्डर लागली असंही ती मानत नाही, आणि टाइमआउट झाला तर दुसरी ऑर्डर टाकण्याआधी ऑर्डरबुकात पहिली शोधते.

न्यू जर्सीतला माझा मावसभाऊ अल्पाका हा तिथला एपीआयवाला ब्रोकर वापरतो. तिथे एक लाख डॉलरचं खोटं खातं मिळतं आणि त्याच एपीआयवर हवे तेवढे महिने सराव करता येतो. आपल्याकडे ही सोय तुरळक. मी एकेका युनिटच्या खऱ्या ऑर्डरी टाकून तपासलं.

कराचं थोडक्यात: वर्षाच्या आत विकलं की २० टक्के, नंतर सव्वा लाखावरच्या नफ्यावर साडेबारा. इंट्राडेचं उत्पन्न सट्टा व्यवसायात जातं आणि रिटर्नचा फॉर्म बदलतो. माझ्या सीएने एवढंच विचारलं की यंदा पानं किती.

आणि नफा? ईटीएफवाली स्क्रिप्ट निफ्टीच्या मागेपुढेच आहे, तिच्याकडून तेवढीच अपेक्षा होती. तिचा फायदा म्हणजे सात एप्रिलच्या त्या पडझडीनंतर दुसऱ्या सकाळी तिने जास्तीचे युनिट घेतले. हातात फोन असता तर मी ‘आणखी थोडं पडू दे’ म्हणत बसले असते. मोमेंटमची मात्र खर्च आणि कर वजा जाता निफ्टीच्या थोडी मागे आहे. तिच्यात पोर्टफोलिओचा दहावा हिस्साच ठेवलाय. येत्या मार्चअखेर चित्र हेच राहिलं तर ती बंद करून तेवढे पैसे ईटीएफकडे वळवेन. सर्व्हर, सकाळचं लॉगिन आणि सुट्ट्यांची फाइल तशीही चालू राहणारच आहे.