पृथ्वी थिएटर, जुहू: पुढच्याचं डोकं मध्ये येत नाही, यालाच पाच स्टार

नाटक कसं होतं ते नंतर, आधी बसायच्या जागेचं बोलू, कारण माझी उंची जेमतेम पाच फूट आणि बऱ्याच नाट्यगृहांत मी नाटकापेक्षा पुढच्या काकांचं टक्कलच जास्त बघते. एका ठिकाणी (नाव नाही घेत) तर जमीन जवळपास सपाट, चांगलं महाग तिकीट काढून दोन्ही अंक मान वाकडी करून बसले, आणि मागच्या बाई मला म्हणतायत जरा सरळ बसा ना!

पृथ्वीत ही कटकटच नाही. 1978 मध्ये शशी कपूर आणि जेनिफर केंडलनी सुरू केलेलं, डिझाइन वेद सेगन यांचं. जेमतेम दोनशे सीट, स्टेज पुढे आलेलं, प्रेक्षक तिन्ही बाजूंना आणि रांगा भराभर वर चढत जातात. गणित तसं सोपं आहे, आपल्या डोळ्यांपासून टाळूपर्यंत साधारण 12 सेंमी अंतर असतं, म्हणजे मागच्याची नजर तेवढी तरी वरून जायला हवी, ते जमत नसेल तर निदान खुर्च्या अर्ध्या-अर्ध्या सरकवून दोन डोक्यांच्या फटीतून तरी दिसू द्या. एवढं साधं आपल्याकडे नवीन हॉल बांधताना का सुचत नाही देव जाणे, झुंबरावर मात्र खर्च होतो.

शेवटच्या रांगेतूनपण नटाच्या भुवया हललेल्या कळतात, आता सांगा दुर्बीण कोणाला हवी.

फक्त एक, बाजूच्या सीटवर बसलात तर मधून मधून नटाची पाठ दिसणारच, तिन्ही बाजूंना माणसं बसवली की ते ओघानंच आलं. मुरलेला दिग्दर्शक पात्रं फिरती ठेवतो. पण नेहमीच्या स्टेजसाठी बसवलेलं नाटक तसंच उचलून इथे आणलं की बाजूवाले खांदेच बघतात, त्यात थिएटरचा काय दोष?

आईबाबांना नेत असाल तर खालच्या रांगा धरा, चढ तीव्र आहे. सीटला नंबर नसतो, जो आधी रांगेत त्याला मधली जागा, म्हणून कॅफेतली आयरिश कॉफी नाटकानंतर प्या. आणि उशीर झाला तर आत सोडत नाहीत, ओळख सांगूनपण नाही.