चरे पडलेल्या सीडीवरून गाणी उतरवणं: एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीचा सहा-सात महिन्यांचा अनुभव

एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे विंडोजवरचं फुकट सॉफ्टवेअर दिवाळीपासून वापरात आहे. सीड्या बहुतेक इकडच्याच, म्हणजे तुळजापूरच्या आराध्यांची गाणी, भारुडं, कीर्तनं. सॉफ्टवेअर उत्तमच आहे, पण निम्मं काम सीडी वाचणाऱ्या ड्राइव्हचं आहे, आणि ड्राइव्ह दोन हवेत.

आधी सीडी पालथी करून बघा. खालची बाजू चंदेरी असेल तर ती कारखान्यात छापलेली. हिरवट, निळसर किंवा सोनेरी झाक असेल तर ती राइट केलेली सीडी-आर. सीडी-आरमधला रंगाचा थर ऊन-उष्णतेनं उतरतो. पत्र्याच्या खोलीत चार-पाच उन्हाळे काढलेली सीडी एकही चरा नसताना अडकते ती यामुळे, आणि तिला पॉलिशचा काही उपयोग नाही. नंतर सीडी उजेडासमोर धरा. अ‍ॅल्युमिनियमचा थर छापील बाजूच्या लगेच खाली असतो, त्यामुळे टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली तर तिथला मजकूरच गेलेला असतो. खालच्या बाजूला मात्र 1.2 मिलिमीटर पॉलिकार्बोनेट आहे. चरा तिथे असेल तर आशा आहे.

पुसताना बोअरचं पाणी अजिबात नको. क्षारांचे पांढरे डाग राहतात आणि लेझरला तेही चऱ्यासारखेच अडवतात. बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर कुठल्याही बॅटरीच्या दुकानात मिळतं, ते घ्या. काळ्या मातीची धूळ आधी पाण्यानं वाहू द्या, कोरडी घासली तर तीच नवे चरे पाडते. मग भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब आणि मऊ मायक्रोफायबर. हात मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ न्यायचा, गोल फिरवायचा नाही. सीडीतली चूक-दुरुस्ती ट्रॅकचा, म्हणजे गोल फिरत जाणाऱ्या नोंदीच्या रेषेचा, साधारण अडीच मिलिमीटर सलग तुकडा गेला तरी भरून काढते. सरळ चरा ट्रॅकला क्षणभरच छेदतो, गोल चरा मात्र ट्रॅकच्या बरोबरीनं लांब धावतो आणि ही मर्यादा सहज ओलांडतो.

सेटिंगमध्ये 'सिक्युअर' मोड ठेवा. ड्राइव्ह ऑडिओ कॅशे करत असेल, म्हणजे वाचलेला भाग तात्पुरता साठवून ठेवत असेल, तर तसं नोंदवा, नाहीतर दुसऱ्या वाचनाला कॅशेतलाच जुना तुकडा परत येतो आणि तपासणी नावालाच उरते. सी2 चा, म्हणजे चुका ड्राइव्हनंच कळवण्याचा, पर्याय बंदच ठेवा, त्यावर विसंबण्याजोगे ड्राइव्ह थोडे. या मोडमध्ये प्रत्येक सेक्टर, म्हणजे सेकंदाचा 75 वा भाग, किमान दोनदा वाचला जातो. जुळलं नाही तर 16 वाचनांचा गट सुरू होतो आणि त्यातली आठ सारखी यावी लागतात. एरर रिकव्हरी 'हाय'वर असेल तर असे पाच गट, म्हणजे वाईटात वाईट 82 वाचनं. खराब गाण्याला तास-दोन तास लागतात ते यामुळेच. ड्राइव्ह तापला की चुका वाढतात, म्हणून मध्ये अर्धा तास बंद ठेवावा. वाचायचा वेग 4 किंवा 8 पटीवर आणून बघा, काही ड्राइव्ह ते जुमानत नाहीत.

शेवटी 'ट्रॅक क्वालिटी' 99.8 आणि खाली 'कॉपी ओके' असेल तर गाणं ठीक आहे, काही भाग फेरवाचनानं दुरुस्त झाला इतकाच त्याचा अर्थ. 'सस्पिशस पोझिशन' लिहून आलं तर दिलेल्या मिनिट-सेकंदाला हेडफोन लावून ऐका. खडखड किंवा टिक बहुधा तिथेच सापडते.

आता महत्त्वाचं. हिंदी सिनेमाच्या सीडीचं रिप, म्हणजे उतरवलेली प्रत, अ‍ॅक्युरेटरिप या इंटरनेटवरच्या यादीतल्या इतरांच्या नोंदींशी ताडून बघता येतं. आपल्याकडच्या आराधी गाण्यांच्या, भारुडांच्या सीड्या तिथे जवळपास नसतातच. म्हणून 'टेस्ट अँड कॉपी' निवडावं, त्यात गाणं दोनदा वाचलं जातं, आणि दोन्ही वेळचे सीआरसी, म्हणजे मजकुरावरून काढलेले तपासणीचे आकडे, जुळतात का ते बघावं. नाही जुळले तर तीच सीडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालावी. एकाला वाचता न आलेला चरा दुसरा सहज वाचून जातो, लेझर आणि फोकस प्रत्येकाचा वेगळा. फक्त दोन्ही ड्राइव्हचे ऑफसेट, म्हणजे वाचन किती पुढे-मागे सुरू होतं तो फरक, आधी नोंदवा, नाहीतर गाणं बरोबर असूनही आकडे वेगळे येतात. दुसरा ड्राइव्ह नवा घ्यायची गरज नाही. जुन्या डेस्कटॉपमधला साटा जोडणीचा मोठा ड्राइव्ह चांगला चालतो, पण त्याला 12 व्होल्टचा अडॅप्टर असलेली यूएसबी केबल लागते. नुसत्या यूएसबीवर तो फिरतच नाही.

फाइल फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजाचा दर्जा न घटवता आकार कमी करणाऱ्या प्रकारात, ठेवा, एक सीडी साधारण 300 ते 400 एमबीत बसते. नावं हातानंच लिहावी लागतात. टॅग, म्हणजे फाइलच्या आत लिहिलेली गाण्याची माहिती, देवनागरीत ठेवा, फाइलच्या नावात नुसता क्रमांक पुरे, कारण गाडीच्या डेकवर देवनागरीचे बऱ्याचदा चौकोन दिसतात.

'150 गाणी' लिहिलेल्या एमपी3 सीडीला हे सॉफ्टवेअर लागू नाही, ती डेटा सीडी असते. तिच्यासाठी लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू वापरा, सेक्टर 2048 बाइटचा द्या आणि किती वाचून झालं याची नोंद ठेवणाऱ्या मॅप फाइलचं नाव न विसरता लिहा. मध्येच लाइट गेली तर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीत ते गाणं पहिल्यापासून घ्यावं लागतं, इथे मॅप फाइलमुळे काम जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं.