पहिला हिमालय ट्रेक मित्रांसोबत: व्हॅली ऑफ फ्लॉवर्स–हेमकुंड की हम्प्ता–चंद्रताल?

सह्याद्रीत पावसाळी भटकंती झालेली असते, सहा-सात जणांचा ग्रुप जमलेला असतो, सगळ्यांच्या रजा मिळून आठ-नऊ दिवस हाताशी येतात, आणि मग कुणीतरी म्हणतं, ‘या वर्षी हिमालय.’ दरी हवी, तळं हवं, पण पहिल्याच फटक्यात फार अवघड नको, अशी अट घातली की यादी भराभर लहान होते. आमची दोन नावांवर आली होती. उत्तराखंडातली व्हॅली ऑफ फ्लॉवर्स आणि तिला जोडून हेमकुंडचं तळं, किंवा हिमाचलातली हम्प्ता खिंड आणि तिला जोडून चंद्रतालचं तळं.

आम्ही सहा जणांनी दोन्ही केले. आधी व्हॅली, जुलैच्या शेवटी. दोन वर्षांनी हम्प्ता, सप्टेंबरच्या सुरुवातीला. महिने वेगळे, त्यामुळे ही तुलना काटेकोर नाही हे आधीच मान्य करतो. तरी कुणी विचारलं तर माझं उत्तर आता ठरलेलं आहे.

व्हॅलीची बाजू आधी मांडतो, कारण पहिल्या ट्रेकसाठी सगळे तीच सुचवतात, आणि ते चुकीचं नाही. जोशीमठहून गोविंदघाट, तिथून जीपने पुलना, आणि पुढे साधारण दहा किलोमीटर चालत घांघरिया. हे गाव सुमारे ३०५० मीटरवर. एकदा तिथे पोचलात की सॅक खोलीत टाकायची आणि सगळे मुक्काम तिथेच करायचे. एक दिवस व्हॅली, एक दिवस हेमकुंड, रात्री परत त्याच गादीवर. विरळ हवेच्या दृष्टीने ही रचना फार चांगली आहे. हेमकुंड चार हजार मीटरच्या वर असलं तरी झोपायला तुम्ही हजार मीटर खाली येता. कुणाचा गुडघा दुखला, कुणाला ताप आला, तर तो दिवसभर घांघरियात पडून राहू शकतो आणि बाकीच्यांचा ट्रेक थांबत नाही. आमच्यातल्या एकाने हेमकुंडचा दिवस असाच खोलीत काढला.

आणि ती दरी! १९३१ साली कामेट शिखरावरून परतताना ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथ आणि त्याचे सोबती या दरीत उतरले आणि तिचं नाव जगभर झालं. सहा वर्षांनी तो फुलांसाठी परत आला. का आला असेल ते पुष्पावती नदीच्या बाजूने चालताना पटतं. गुलाबी तेरड्याचे ताटवे कमरेएवढे वाढलेले, आणि एखाद्या ओल्या कातळाच्या आडोशाला निळी पॉपी, पाकळ्या इतक्या पातळ की पावसाचा थेंब पडला तरी थरथरतात. पुढे जोन मार्गारेट लेग यांची समाधी आहे. १९३९ साली त्या इथे वनस्पती गोळा करायला आल्या आणि कड्यावरून पडून गेल्या. तिथे आम्ही बराच वेळ कुणी काही बोललो नाही. दरीत मुक्कामाला परवानगी नाही, संध्याकाळच्या आत बाहेर यावं लागतं, आणि ते योग्यच आहे.

मग अडलं कुठे? खेचरांवर.

पुलना ते घांघरिया आणि घांघरिया ते हेमकुंड, हा सगळा हेमकुंडच्या शीख यात्रेचा रस्ता आहे. सामान, सिलिंडर, भाजी आणि ज्यांना चालवत नाही ते यात्रेकरू, सगळं खेचरांवरून आणि घोड्यांवरून जातं. त्यात कुणाचा दोष नाही. वर हजारो लोक जेवतात ते त्यांच्याच जोरावर, आणि ते हाकणाऱ्या पोरांचं पोट त्यावर आहे. पण चालणाऱ्याचं काय होतं ते सांगतो. दर दोन-तीन मिनिटांनी मागून किंवा पुढून ‘साइड, साइड’ अशी हाक येते. तुम्ही बाजूला होता. नेहमी डोंगराच्या बाजूला व्हायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही, हे पहिल्याच तासात शिका, कारण भरलेल्या खेचराच्या खोगिराचा धक्का साधा नसतो. माझ्या कोपराला अशीच एक लोखंडी कडी घासून गेली, पॉन्चो फाटला आणि खाली दोन दिवस काळंनिळं राहिलं. पावसात फरसबंदीवर लीद आणि पाणी यांचा हिरवट रबडा होतो, बूट त्यावर सरकतात, आणि तो वास मोज्यांतून खोलीपर्यंत येतो. चार दिवसांपैकी तीन दिवस हे चालू होतं. फक्त व्हॅलीच्या आत खेचरं नाहीत, म्हणूनही तो एक दिवस स्वर्गासारखा वाटला असेल.

तरी लीद आणि धक्के मी विसरलो असतो. खरी खंत वेगळी होती. आम्ही सहा जण शाळेपासूनचे मित्र, वर्षातून एकदा कसेबसे एकत्र येणारे, आणि त्या वाटेवर एकदाही दोघं शेजारी शेजारी चालत निवांत बोललो नाही. बोलणं सुरू व्हायचं, ‘साइड’ ऐकू यायचं, एक जण कठड्याला, एक जण पाच पावलं मागे, मध्ये बारा खेचरं. ती गेली की वाक्य कुठे सोडलं होतं तेच आठवायचं नाही. संध्याकाळी घांघरियात दोन खोल्या, दोन मजले. दमलेले सगळे आठ वाजता झोपून जायचे. घरी आल्यावर फोटो पाहताना लक्षात आलं की सहा जणांचा एकत्र असा एकच फोटो आहे, हेमकुंडच्या काठावरचा, तोही धुक्यात.

हम्प्ताला नेमका हा निवांतपणा मिळाला. मनालीहून जोबरा, पहिला मुक्काम चिका, दुसरा बालू का घेरा, मग साधारण ४२७० मीटरची खिंड ओलांडून शिया गोरू, आणि चौथ्या दिवशी छत्रू. सामानाची खेचरं इथेही असतात, पण ती तंबू गुंडाळून झाल्यावर एकदा पुढे निघून जातात आणि संध्याकाळी तळावर चरताना दिसतात. मधली अख्खी वाट तुमची. भोजवृक्षांच्या सावलीतून, नंतर रुंद कुरणांतून, आम्ही तिघं तिघं एका रांगेत चाललो. एका मित्राने वडील गेल्यानंतरच्या वर्षाबद्दल पहिल्यांदा बोलायला सुरुवात केली ती चिकाच्या पुढच्या कुरणात. दोन तास तो बोलत होता आणि कुणी मध्ये आलं नाही.

शिया गोरूच्या ओढ्याचं पाणी सकाळी सुरीसारखं कापतं. बुटांच्या नाड्या बांधून ते गळ्यात अडकवायचे, पँट गुडघ्याच्या वर, एकमेकांचे हात घट्ट धरून साखळी करायची. मधोमध पोचेपर्यंत पाय आपले आहेत की नाहीत ते कळत नाही. पलीकडे गेल्यावर प्रत्येकाने दुसऱ्याचे तळवे चोळून दिले. एवढ्यासाठी मी पुन्हा जाईन.

आणखी एक गोष्ट. खिंडीच्या अलीकडे कुल्लूची हिरवाई, पलीकडे लाहौलचे उघडेबोडके, मातकट आणि जांभळट डोंगर. अर्ध्या दिवसात देश बदलल्यासारखं वाटतं. पलीकडचा भाग पर्जन्यछायेत असल्यामुळे पाऊसही बराच मागे राहतो. व्हॅलीत मात्र फुलांचा बहर आणि मुसळधार पाऊस बरोबरच येतात, आणि त्याच दिवसांत तिथे पोचवणाऱ्या बद्रीनाथ रस्त्यावर दरडी कोसळतात. तिकडे जाणार असाल तर दोन दिवस हाताशी जादा ठेवा.

हम्प्ताच्या उण्या बाजू लपवत नाही. मुक्काम तंबूत, आणि पहिल्या तिन्ही रात्री आदल्या रात्रीपेक्षा उंचावर. बालू का घेराला आमच्यातल्या एकाचं डोकं ठणकायला लागलं, जेवण जाईना. ट्रेक लीडरने शांतपणे सांगितलं, सकाळपर्यंत उतरलं नाही किंवा उलटी झाली तर तू खाली जाणार, वर नाही. सकाळी तो बरा होता. नसता तर एकाला सोबतीला घेऊन त्याला परतावं लागलं असतं आणि ग्रुप फुटला असता. खिंड एकदा ओलांडली की मागे फिरणं जवळपास नाहीच. खिंडीचा दिवस आठ-नऊ तासांचा, त्यात पलीकडचा उतार गुडघ्यांचा अंत पाहतो. खर्चही जास्त, कारण तंबू, स्वयंपाकी, खेचरं सगळं सोबत न्यावं लागतं. व्हॅली तुमची तुम्ही आखू शकता.

छत्रूहून चंद्रतालला जाणारा बातलमार्गे रस्ता हा नावापुरता रस्ता आहे. दुपारी बर्फ वितळून नाले फुगतात, म्हणून सकाळी लवकर निघायचं. नाल्यांनी रस्ता अडवला तर तळं न बघता अटल बोगद्यातून मनाली गाठावी लागते, ही शक्यता मनाशी धरूनच जा. हेमकुंडचं तसं नाही. पायांत बळ असेल तर ते भेटतंच. वर गुरुद्वाऱ्यात गरम खिचडी आणि चहा मिळतो, काठाच्या कातळांत ब्रह्मकमळं असतात, थंड पाण्यात लोक श्रद्धेने डुबकी मारतात. फक्त दुपारच्या आत परत निघावं लागतं. तिथे राहू देत नाहीत.

चंद्रतालच्या काठावरही मुक्कामाला बंदी आहे. पण आम्ही संध्याकाळी उशिरापर्यंत तिथे बसलो. पाणी आधी हिरवट, मग निळं, मग पोलादी झालं. कुणाला घाई नव्हती.

तर माझं मत असं. ग्रुपमध्ये कुणाची तब्येत नाजूक असेल, कुणाला तंबूत झोप लागत नसेल, किंवा जुलै-ऑगस्टशिवाय रजाच नसेल आणि फुलांची ओढ असेल, तर व्हॅली निवडा. जमलं तर पंधरा ऑगस्टची गर्दी टाळा. पण सगळे धडधाकट असतील, दोन महिने रोज जिने चढायची तयारी असेल आणि जाण्याचं मूळ कारण एकमेकांसोबत असणं हेच असेल, तर मी हम्प्ताच सांगेन, तेही सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. मनालीत एक दिवस जास्त राहा, शरीराला उंचीची सवय होऊ द्या. आणि ओढ्यासाठी एक कोरड्या मोज्यांचा जोड वेगळ्या पिशवीत, सॅकच्या अगदी वर ठेवा.