'लाईफटाईम लायसन्स'च्या नावाखाली माझे साडेनऊ हजार गेले, डिजिटल कपडे बनवणाऱ्यांनी प्लीज वाचा

आईचं ब्लाऊज शिवायचं काम आमच्या घरी गेली पंचवीस वर्षं चालू आहे, त्यामुळे कापड बेतणं, मुंडा कसा उतरवायचा, टक्स कुठे घ्यायचे हे मी लहानपणापासून बघत आलेय. कॉम्प्युटरवर थ्रीडी करायला लागले तेव्हा डॅझ स्टुडिओ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं म्हणून तेच घेतलं, त्यातल्या जेनेसिस ८ च्या फिगर्सवर, म्हणजे तयार थ्रीडी माणसांवर, पोझ, लाईट असं शिकत गेले. या फिगर्ससाठी गाऊन, जॅकेटं, चिलखतं ढिगाने मिळतात, पण नीट काष्टा घातलेली नऊवारी मला कुठे सापडली नाही, म्हटलं आपणच बनवू आणि जमलं तर विकू.

मग प्रश्न आला की कशात बनवायची. ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर फुकट आहे हे माहीत होतं पण उघडलं की एवढी बटणं बघून धास्ती वाटायची. मार्व्हलस डिझायनर या डिजिटल कपडे शिवायच्या सॉफ्टवेअरची ट्रायल घेऊन बघितली आणि अगदी आईच्या कागदी फर्म्यांसारखं वाटलं, पुढचा भाग मागचा भाग बाही सपाट काढायचे, कुठली कड कुठे शिवायची ते सांगायचं आणि कापड अंगावर पडतं. जीवच जडला. पण एकट्या माणसासाठी त्याचं लायसन्स महिन्याचं किंवा वर्षाचं असतं, दर वेळी पैसे भरायचे, आणि माझी तर अजून एक रुपया कमाई नव्हती. एका ग्रुपवर मी हेच विचारलं की स्वस्तात काय पर्याय आहे, आणि अर्ध्या तासात एकाचा पर्सनल मेसेज आला, "ताई कशाला दर महिन्याला भरता, माझ्याकडे लाईफटाईम आहे, ६५०० फक्त."

मराठीत बोलत होता, ताई ताई करत होता, चार-पाच स्टुडंट्सचं काम दाखवलं. मी भरले. यूपीआयवर नाव भलत्याच माणसाचं आलं, विचारलं तर म्हणाला पार्टनर आहे. बिल मागितलं तर "सॉफ्टवेअरला बिल नसतं ताई". मग रिमोट ॲप टाकायला लावलं, अँटीव्हायरस बंद करायला लावला आणि लॉगिन त्यानेच केलं, पासवर्ड मला दिला नाही. आता हे लिहिताना एकेक गोष्ट इतकी उघड दिसतेय, पण तेव्हा समोर सॉफ्टवेअर चालू झालेलं दिसत होतं आणि मला नऊवारी बनवायची घाई होती.

पाच आठवडे चाललं. तिसऱ्या आठवड्यात काष्टा जमेना म्हणून मी त्याला माझा रेंडरही (थ्रीडीतून काढलेलं चित्र) पाठवला, हिरवी साडी लाल काठ. त्यावर उत्तर आलं की विकायचं असेल तर 'कमर्शियल अपग्रेड' लागेल, ३००० रुपये, सोबत स्टार्टर पॅक फ्री, त्यात तयार चोळीचा बेस. तेही भरले, या वेळी यूपीआयवर तिसरंच नाव.

चोळी मी पुण्याच्या एका मैत्रिणीला तपासायला दिली, ती बरीच वर्षं फिगर्ससाठी कपडे विकतेय. तिने वायरफ्रेम (ज्यात आकाराची नुसती रेघांची जाळी दिसते) लावून चोळी आणि शरीर एकमेकांवर ठेवलं आणि मला स्क्रीन शेअर करून दाखवलं. छातीभोवतीची, काखेतली एकूण एक रेघ तंतोतंत सारखी. म्हणजे फिगरच्याच अंगाचा तुकडा कापून जरा फुगवलेला, बास. फिगरवर आपण स्वतः बनवलेला कपडा विकायला परवानगी असते, पण फिगरचा मेश, म्हणजे तीच जाळी, असा कपडा म्हणून दुसऱ्याला द्यायला विकायला चालत नाही. मी ते विक्रीला टाकलं असतं तर परवाना मोडणारी मी ठरले असते, तो नाही. मला रडूच आलं त्या दिवशी.

आणि त्याच आठवड्यात लॉगिन गेलं. पासवर्ड मागायला लागलं, त्याचा नंबर बंद. माझ्या ईमेलने खातं बघितलं तर माझ्या नावावर कुठलंच लायसन्स नाही. मग त्याच ग्रुपमधल्या अजून दोघांचं त्याच दिवशी बंद झालेलं कळलं, म्हणजे एकच खातं बऱ्याच जणांना विकलेलं. यात सॉफ्टवेअरवाल्यांचा काही दोष नाही, त्यांच्या साईटवर लायसन्सचे प्रकार स्पष्ट लिहिलेत, मी ते पैसे भरायच्या आधी दहा मिनिटं वाचले असते तर एकट्या माणसाला लाईफटाईम असं काही विकत मिळत नाही हे तिथेच दिसलं असतं. ट्रायल माझी आधीच वापरून झालेली. सगळे पॅटर्न त्यांच्या फॉरमॅटमध्ये, उघडायचे तर स्वतःचं महिन्याचं लायसन्स घ्यायला हवं, आणि तसल्या खात्यावर बनवलेल्या फायलींतून विकायचा माल काढणं मला पटत नाही. ओबीजे (दुसऱ्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्येही उघडणारी फाईल) काढून ठेवलेली एकच साडी हातात राहिली.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन केला, सायबर क्राईमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली, पावती नंबर मिळाला. पण पैसे जाऊन तोवर सहा आठवडे झाले होते, अजून काही परत आलेलं नाही. तुमच्या बाबतीत झालं तर त्याच तासाला फोन करा, मी लाजून चार दिवस घालवले. त्याने रिमोटने आत काय काय बघितलं कोण जाणे, म्हणून मशीन फॉरमॅट केलं, सगळे पासवर्ड आणि यूपीआय पिन बदलले, हे पण लगेच करा.

मैत्रिणीने मला एक गोष्ट समजावली जी मी सॉफ्टवेअर निवडायच्या आधीच विचारायला हवी होती. कापड अंगावर छान पडलं म्हणजे कपडा तयार होत नाही. तो एक गोठलेला आकार असतो, फिगरने गुडघा वाकवला की कापडाने वाकायला हवं, त्यासाठी डॅझमध्येच ट्रान्सफर युटिलिटी आहे, ती शरीराचं रिगिंग (आतल्या हाडांबरोबर वाकायची जोडणी) कपड्यावर उतरवते. साध्या ब्लाऊजला ते बऱ्यापैकी चालतं. काष्टा मात्र दोन्ही मांड्यांच्या मधून जातो, त्याला दोन्हीकडचं वजन (कुठलं हाड कापडाला किती ओढतं ते) मिसळून लागतं आणि पाऊल टाकलं की फाटल्यासारखा ताणतो, तिथे वेट मॅप, म्हणजे त्या वजनाचा नकाशा, हाताने रंगवत बसावं लागतं. हे कुठलंच महागडं सॉफ्टवेअर आपोआप करून देत नाही.

आता ब्लेंडरच शिकतेय. त्याच्या क्लॉथमध्ये पण शिवण आहे, दोन तुकड्यांच्या मध्ये नुसत्या कडा जोडायच्या, मध्ये फेस (पृष्ठभाग) ठेवायचा नाही, सिम्युलेशन चालवलं की त्या कडा आवळून तुकडे जवळ येतात. मार्व्हलसइतकं सोपं नाही, पण माझी चोळी मुंड्यासकट उभी राहिली आणि ती पूर्ण माझी आहे. फक्त मापाचं लक्षात ठेवा, डॅझमध्ये एक युनिट म्हणजे सेंटिमीटर आणि ब्लेंडरमध्ये मीटर, एक्स्पोर्ट करताना ते बघितलं नाही तर चोळी शंभर पट मोठी नाहीतर मुंगीएवढी येते.

परवा माझ्या भाचीच्या मैत्रिणीला तसाच मेसेज आला, नंबर नवीन, ६५०० चे आता ४९९९ झालेत. स्टुडंट वर्क म्हणून जो फोटो पाठवलाय त्यात हिरवी नऊवारी आहे, लाल काठाची, उजव्या पायाजवळ काष्टा जरा फाटल्यासारखा दिसतो. तो रेंडर माझा आहे. मी त्या माणसाची स्टुडंट नाही आणि तो फोटो वापरायला मी कुणालाही दिलेला नाही. कुणी तुम्हाला तो दाखवला तर पैसे भरू नका, स्क्रीनशॉट काढून मला पाठवा, मी तक्रारीला जोडतेय.