मेडिकलमधली ओआरएसची पुडी : आत काय आहे, कशी कालवायची, कुणी जपून प्यायची

मार्च सरला की परभणी-नांदेडपासून बीड-धाराशिवपर्यंत मेडिकलच्या काउंटरवर ओआरएसच्या पुड्यांची बरणी पुढे येते आणि मागच्या फ्रिजात त्याच रंगाचे टेट्रापॅक लागतात. गिऱ्हाईक ‘इलेक्ट्रॉल द्या’ म्हणतं आणि जे हाताला लागेल ते घरी जातं. इथे परीक्षण आहे ते जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राच्या पुडीचं. निकाल आधीच सांगून टाकू: जुलाब-उलटीत या पुडीला तोड नाही. नुसत्या उन्हाच्या थकव्याला चालते, पण रोज पिण्याची ही वस्तू नव्हे.

१ लिटरच्या पुडीत चारच जिनसा असतात: मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम आणि ग्लुकोज १३.५ ग्रॅम. एकूण २०.५ ग्रॅम. चव-सुगंधाची भर घातल्याने काही कंपन्यांची पुडी २१.८ ग्रॅम भरते, त्यात काही वावगं नाही. पाण्यात विरघळल्यावर लिटरमागे सोडियम ७५, पोटॅशियम २०, क्लोराइड ६५, सायट्रेट १० आणि ग्लुकोज ७५ मिलिमोल (कणांची संख्या मोजायचं एकक) होतं. विद्युतभारांचा हिशेब मांडून बघा. धन बाजूला सोडियम-पोटॅशियमचे ७५ अधिक २०, म्हणजे ९५. ऋण बाजूला क्लोराइडचे ६५, आणि सायट्रेटच्या प्रत्येक आयनवर (विद्युतभार असलेल्या कणावर) तीन ऋणभार असल्याने त्याचे ३०; तेही ९५. म्हणून यातली एखादी जिनस मनाने कमी-जास्त केली की बाकीचीही प्रमाणं ढळतात.

या आयनांचं शरीरात काम काय? प्रत्येक पेशीच्या आवरणात एक पंप अखंड चालू असतो. तो ३ सोडियम बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो. प्रत्येक फेरीत एक धनभार जास्त बाहेर जातो. शिवाय आतलं पोटॅशियम थोडं थोडं बाहेर झिरपत राहतं. त्यामुळे पेशीची आतली बाजू ऋण राहते. मज्जापेशीत हा फरक सुमारे ७० मिलिव्होल्ट असतो. आकडा किरकोळ वाटतो, पण आवरण जेमतेम ५ नॅनोमीटर जाड असल्याने तिथलं विद्युतक्षेत्र मीटरमागे सव्वा कोटी व्होल्टच्या वर जातं. निवांत बसलेल्या माणसाच्या ऊर्जेचा मोठा वाटा हा पंप चालवण्यातच खर्च होतो. पंपाचा शोध येन्स स्को यांनी १९५७ मध्ये लावला. त्यासाठी १९९७ चं नोबेल मिळालं.

पुडीचं मर्म याच विजेत आहे. लहान आतड्याच्या पेशीवर एक वाहक (पदार्थ आत नेणारं प्रथिन) असतो, तो २ सोडियम आणि १ ग्लुकोज अशी जोडी आली तरच आत घेतो. आतली बाजू ऋण आणि तिथे सोडियमही कमी, म्हणून सोडियम आत ओढलं जातं, त्याच्यासोबत ग्लुकोज जातं आणि मागोमाग पाणी. पटकीसारख्या रोगात आतडं पाणी बाहेर ओतत असतानाही हा वाहक शाबूत राहतो. म्हणूनच १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस सलाइन संपत आल्यावर मीठ-ग्लुकोजच्या पाण्यावर रुग्ण वाचवू शकले.

‘शुगर फ्री’ इलेक्ट्रोलाइटच्या फसफसणाऱ्या गोळ्या जुलाबात का चालत नाहीत, तेही यावरून कळतं: त्यांच्यातल्या गोडव्याला हा वाहक ओळखत नाही. याउलट टेट्रापॅकमध्ये साखर भरमसाट. पुडीच्या द्रावणात १०० मिलीला १.३५ ग्रॅम ग्लुकोज. फळांच्या चवीच्या अनेक पेयांत साखर याच्या कितीतरी पट. जास्तीची साखर आतड्यात उलट पाणी खेचते आणि जुलाब वाढतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ शब्द वापरायला मनाई केली. उशिरा का होईना, योग्यच झालं. तरी विकत घेताना मागची बाजू वाचा: वरचे चार घटक आणि ग्रॅममधले आकडे जुळले तरच घ्या.

आता कालवण्याचं. तक्रारी येतात त्या बहुतेक पुडीच्या नव्हे, मापाच्या. आपल्याकडे माप म्हणजे तांब्या, आणि तांब्या पाऊण लिटरचाही असतो, सव्वा लिटरचाही. त्यापेक्षा पाण्याची १ लिटरची रिकामी बाटली धुऊन घ्या. पाणी उकळून गार केलेलं असावं. सरपण-गॅसची अडचण असेल तर पिण्याचं स्वच्छ पाणी चालेल, पण पाण्यापायी लेकराला ताटकळत ठेवू नका. टँकरचं पाणी मात्र उकळल्याशिवाय नको. आरओच्या जारमध्ये ‘मिनरल नाहीत’ ही काळजी इथे गैरलागू, लागणारे आयन पुडीतच आहेत. बोअरच्या मचूळ पाण्यात आधीच क्षार असतात, दुसरं मिळालं तर ते टाळा. अख्खी पुडी एकदम टाकायची, ढवळायचं, आणि चव अश्रूंपेक्षा खारट नाही हे चाखून बघायचं. वरून साखर, मीठ, लिंबू, दूध काही नाही. कालवल्यावर उकळायचं नाही. २४ तासांत उरलेलं ओतून द्यायचं.

सगळ्यात घातक चूक म्हणजे ‘कडक’ करणं. तीच पुडी अर्ध्या लिटरमध्ये टाकली तर सोडियम लिटरमागे १५० मिलिमोल होतं, रक्तातलं असतं १३५ ते १४५. द्रावणाची ऑस्मोलॅरिटी (विरघळलेल्या कणांची दाटी) २४५ वरून ४९० वर जाते, रक्ताची २९० च्या आसपास. मग पाणी आत जाण्याऐवजी आतड्यात उतरतं आणि बारक्या लेकराच्या रक्तात सोडियम चढून झटके येऊ शकतात. अर्धी पुडी अंदाजाने ओतणंही चुकीचं, कारण पावडरीत मीठ आणि ग्लुकोज सारखं मिसळलेलं असेलच असं नाही. कमी लागत असेल तर ४.४ ग्रॅमची, २०० मिलीची छोटी पुडी घ्या.

प्रत्येक पातळ जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या लेकराला ५० ते १०० मिली, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिली, मोठ्यांना पिववेल तेवढं. चमच्याचमच्याने द्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून आणखी सावकाश द्या. यातून जुलाब लगेच थांबत नाहीत, आणि ‘काही फरक नाही’ म्हणून पुडी सोडून देणारे इथेच फसतात. पुडीचं काम गेलेलं पाणी भरून काढण्याचं आहे. लेकरू सुस्त पडलं, डोळे खोल गेले, लघवी आटली, शौचात रक्त दिसलं किंवा घोटभरही पोटात ठरेना, तर पुडीवर विसंबू नका, थेट दवाखाना गाठा.

घरचा पर्याय: १ लिटरला सपाट ६ चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. पुडी मिळेपर्यंत ठीक, पण यात पोटॅशियम नाही. नारळपाण्याचं उलटं, पोटॅशियम भरपूर आणि सोडियम नावाला. वीटभट्टीवर किंवा रोजगार हमीच्या कामावर घाम गाळणाऱ्याला मिठाचं ताक, पाणी आणि ठेचा-भाकरी बहुधा पुरते, कारण घामात सोडियम रक्तापेक्षा कमीच असतं. रोज लिटरभर ओआरएस म्हणजे सुमारे ४.४ ग्रॅम मिठाइतकं सोडियम, आणि दिवसभराच्या मिठाची शिफारसच ५ ग्रॅमच्या आत आहे. बीपी, हृदयविकार आणि विशेषतः मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. पोटॅशियम साठलं तर हृदयाची लय बिघडते.

विकत घेताना पुडी दाबून बघा. आत खडा झाला असेल, ओल लागली असेल किंवा पावडर तपकिरी दिसत असेल तर परत करा. पत्र्याच्या टपरीत उन्हात लटकवलेली माळ घेऊ नका. आशाताईंकडे, आरोग्य उपकेंद्रात ही पुडी फुकट मिळते, सूत्र तेच. तिथून घेताना झिंकच्या गोळ्याही मागा: सहा महिन्यांवरच्या लेकराला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम, जुलाब थांबले तरी १४ दिवस.