कॅसँड्रा, अकरा महिन्यांनंतर: बंद केलेली खाती परत आली

मागच्या आठवड्यात एका ग्राहकाचा मेल आला, "खातं बंद करून महिना झाला, तरी तुमचे मेसेज येतायत." बघतो तर खातं ठणठणीत जिवंत. शोधल्यावर अशी आणखी ३७ सापडली. सगळी एकाच दिवशी, दुपारी ४ ते ६ च्या दरम्यान बंद केलेली.

आमची खाती कॅसँड्रा या डेटाबेसमध्ये आहेत. तीन नोड (म्हणजे मशीन), प्रत्येक ओळीच्या तीन प्रती, वाचणं-लिहिणं दोन्ही क्वोरमनं, म्हणजे तिघांपैकी दोघांचं उत्तर आलं की झालं. लिहिण्याच्या वेगाबद्दल काही तक्रार नाही, त्यावर सगळेच लिहितात. मला बोलायचंय ते टूमस्टोनबद्दल.

कॅसँड्रा डिलीट करताना ओळ लगेच पुसत नाही, 'ही गेली' अशी खूण लिहून ठेवतं, तोच टूमस्टोन. त्या दिवशी आमचा एक नोड १ ते ६ बंद होता. बंद नोडसाठी बाकीचे हिंट, म्हणजे त्याचे हुकलेले बदल, साठवतात, पण डीफॉल्टनं फक्त ३ तास. म्हणजे ४ नंतरची डिलीट त्याच्यापर्यंत पोचलीच नाहीत. आता जीसी ग्रेस, म्हणजे खूण निदान किती काळ ठेवायची ती मुदत: ८,६४,००० सेकंद, म्हणजे १० दिवस. ते उलटल्यावर उरलेल्या दोघांनी कंपॅक्शनमध्ये (फायली एकत्र करून साफ करताना) ओळ आणि खूण दोन्ही टाकून दिलं. तिसऱ्याकडे जुनी ओळ तशीच. महिन्याचे मेसेज पाठवणाऱ्या जॉबनं टेबल वाचलं. ज्याच्याकडे ओळ आहे त्याचंच खरं धरलं गेलं, आणि रीड रिपेअरनं (वाचताना प्रतींमधला फरक मिटवणारी सोय) ती बाकीच्यांनाही वाटली! मेलेल्याला उठवून वर घरोघरी फिरवलं म्हणा ना.

इथवर लिहिलं तेव्हा एकच स्टार देणार होतो. मग डॉक्युमेंटेशन उघडलं. जीसी ग्रेस संपायच्या आत प्रत्येक नोडवर रिपेअर (सगळ्या प्रती ताडून सारख्या करणं) चालवा, असं स्वच्छ लिहिलंय. आमचा आठवड्याचा रिपेअर क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी यादी) कोणी काढला? मीच. रात्री डिस्क गुदमरायची आणि मोठ्या मशीनचे पैसे मला जड वाटत होते. तेव्हा तीन स्टार. दोन अजूनही कापतोय, कारण माहिती सुरक्षित राहणं जर क्रॉनच्या एका ओळीवर लटकत असेल, तर निदान लॉगमध्ये बोंब तरी मारावी.

कॉक्रोचडीबी हा दुसरा डेटाबेसही चार महिने चाचणीला ठेवलं होतं. तिथे राफ्ट आहे, म्हणजे बदलांचा एकच क्रम नोड बहुमतानं ठरवतात. मागे पडलेला नोड परत आला की लॉग (बदलांची नोंद) किंवा स्नॅपशॉट (सगळ्याची ताजी प्रत) घेऊन बरोबरीला येतो, डिलीटसकट. एका रात्री त्याचा एक नोड आपणहून बंद पडला. घड्याळ सरकलं होतं. नोडांच्या घड्याळांमधल्या फरकाची डीफॉल्ट मर्यादा ५०० मिलिसेकंद, तिच्या ८० टक्क्यांपुढे तफावत गेली की नोड स्वतःच थांबतो. तेव्हा शिव्या घातल्या होत्या. आता वाटतं, बरं करतो. कॅसँड्रात घड्याळ पुढे गेलं तर वेळेचा शिक्का ज्याचा नवा तो बदल जिंकतो, आणि नंतर केलेला बरोबर बदल मुकाट्यानं हरतो. हेही आमच्याकडे झालं असेल का, हे तपासायची अजून हिंमत केलेली नाही.

लॉग आणि मोजमापं कॅसँड्रातच राहतील, खाती हलवतोय. क्रॉन परत लावलाय, दर रविवारी. मोठी मशीन अजून घेतलेली नाही.